गच्चीवरची धार

१

कलम धरलं होतं.

मल्लेशला आधी ते खरंच वाटेना. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि कुंडीपुढं उकिडवा बसला. खाली निवडुंगाचा हिरवागार सोट, त्याच्यावर बसवलेला कोंबड्याच्या तुऱ्यासारखा पसरट, सुरकुतलेला, दुधी-गुलाबी तुकडा. आणि दोघांच्या मधली, परवापर्यंत चाकूच्या रेघेसारखी दिसणारी फट आता नव्हतीच. जखम भरावी तशी ती मिटून गेली होती.

"महानंदा," त्यानं जिन्यातून बायकोला हाक मारली, "वर ये की जरा. लवकर."

"भाकरी तव्यावर हाय," खालून आवाज आला. "साप निघाला असेल तर तसं सांगा. झाड दाखवायचं असेल तर थांबा."

"झाडच हाय."

"मग थांबा."

उमरग्यात बसस्टँडच्या मागं मल्लेशचं चष्म्याचं दुकान होतं, पण दुकान उघडायच्या आधीचा सगळा वेळ गच्चीचा. हिरव्या जाळीखाली कुंड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर मार्करनं नाव आणि लावल्याची तारीख. शिकवायला कुणी नव्हतं. बघत, चुकत, मारत-जगवत तो शिकला होता. या जातीची झाडं दिसायला देखणी, पण अंगात पांढरा चीक. कातडीला लागला की फोड, डोळ्यात उडाला की दोन दिवस आंधळेपण. म्हणून चाकू हातात घेण्याआधी रबरी मोजे, डोळ्यांना बंद गॉगल, शेजारी पाण्याची बादली. हा त्याचा नेम कधी चुकला नव्हता.

तुरा त्यानं हैदराबादच्या एका नर्सरीतून मागवला होता. याआधीचे तुरे मेले होते. ज्यावर तुरा बसवायचा तो नर्सरीचा खुंट मऊ, पाणी जास्त झालं की कुजायचा. म्हणून या वेळी खुंट गावाकडून आणला. मुरूम गावाच्या पलीकडं त्याच्या आत्याचं, शरणम्माचं शेत होतं. तिथं गोठ्यामागच्या बांधावर निवडुंगाचं जुनं कुंपण. कोपऱ्यातलं झाड माणसाहून उंच, आणि त्याच्या फांद्यांना उन्हानं काळी पडलेली पोत्याची गाठोडी लटकलेली. गाय-म्हैस व्याली की तिची वार पोत्यात बांधून चिकाच्या झाडाला टांगायची, म्हणजे जनावराला दूध भरून येतं, ही तिकडची रीत. मल्लेश ते लहानपणापासून बघत आलेला. त्याला त्यात थांबून बघण्यासारखं काही वाटलं नाही. त्याला दिसली ती फक्त एक फांदी, सरळसोट, बिनडागाची, मनगटाएवढी जाड.

"त्याचं नको घेऊस," आत्या म्हणाली होती. "तिकडलं घे. ते लेकुरवाळं हाय."

"झाडाला लेकरं असतात व्हय, आत्या?"

"मला काय ठावं बाबा. चष्मे तू विकतोस, तुला दिसत असेल."

तो हसला. त्या फांदीला एक गाठोडं अडकलं होतं. चाकूच्या टोकानं त्यानं ते सोडवून खाली पाडलं आणि फांदी कापून घेतली.

२

आवाज कलम धरल्यावर सुरू झाला.

पहाट फुटता फुटता, अंथरुणात असतानाच, तो त्याला पहिल्यांदा ऐकू आला. चुर्र, चुर्र. मध्ये श्वासाएवढी उसंत, पुन्हा चुर्र. रिकाम्या पातेल्याच्या तळाशी पहिली धार पडते तेव्हा येतो तसा टणक, आणि मग भांडं भरत जाईल तसा मऊ, भरीव होत जाणारा. ऐकता ऐकता त्याला पुन्हा झोप लागली. छान वाटलं होतं. लहानपणी आत्याकडं गोठ्याशेजारी झोपल्यासारखं. जाग आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपल्या गल्लीत जनावर नाही.

पाण्याची टाकी गळत असेल, त्यानं ठरवलं. टाकी कोरडी होती. नळाचा जोड बघितला. ठीक होता. मग शेजारच्या गच्चीवरून धुळाप्पानं हटकलं. धुळाप्पा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. सूर्य उगवायच्या आत दात घासत गच्चीवर येऊन गल्लीवर नजर ठेवणारा.

"म्हैस घेतलीस का रे, मल्लेश?"

"कुठं म्हैस?"

"मग धार कोण काढायलंय तुझ्या गच्चीवर? काल संध्याकाळीबी ऐकलं, आज सकाळीबी. घेतली असशील तर सांग बाबा, आमचं अर्धा लिटर लाव. पिशवीचं पिऊन पिऊन पोट फुगलंय."

"कान तपासून घ्या, अण्णा."

"तू डोळे तपास, कान माझे शाबूत हायत."

मल्लेश हसत वळला, आणि त्या नव्या कलमाच्या कुंडीशी थबकला. कुंडीखाली, फरशीवर, तळहाताएवढा पांढरा डाग होता. ओला. मोजे घालून त्यानं बोट लावलं, तार निघाली. चीक. त्यानं भिंग आणून खुंट वरपासून खालपर्यंत तपासला. कुठं चीर नव्हती, खरचटलेलं नव्हतं, किड्याचं भोक नव्हतं.

दुसरा कुणी घाबरला असता. मल्लेशला मात्र हुरूप आला. खुंटात रस इतका मावत नाहीये की सालीतून पाझरतोय. मुळांचा जोर, दुसरं काय. असा खुंट लाखात एक. सोलापूरला हिवाळ्यात झाडांचं प्रदर्शन भरायचं. तिथं हा तुरा मधोमध मांडलेला त्याच्या डोळ्यांपुढं आला, आणि त्या दिवशी दुकानात त्यानं एका गिऱ्हाइकाला जवळचा चष्मा म्हणून लांबचा देऊन टाकला.

३

त्याच आठवड्यात शिवप्रिया बाळंत झाली. मल्लेशची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली. मल्लेशनं दवाखान्यातून घरापर्यंत ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून पेढा दिला. अनोळखी दोघा-तिघांनाही दिला.

आनंद टिकला तो घरी येईपर्यंत. शिवप्रियाला दूध उतरेना.

"येईल, लावत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. महानंदाचा अळीव झाला, मेथी झाली, शेपू झाला, खसखशीची खीर झाली. लेकीला वास नकोसा झाला. बाळाला पावडरचं दूध चमच्यानं घातलं तर एक घोट आत आणि सगळं बाहेर. एक पावडर बदलली, दुसरी बदलली. गाईचं दूध पाणी घालून दिलं, तेही उलटलं. लेकरू आधी तारस्वरात रडायचं. मग आवाज बारीक होत गेला. मग ते रडायचं तेव्हा नुसतंच तोंड उघडायचं.

"माझंच कायतरी चुकतंय, अप्पा," शिवप्रिया म्हणाली. डोळे कोरडे होते. "सगळ्यांना येतं. गल्लीतल्या कुत्रीलासुद्धा येतं."

"गप बस. डॉक्टरांनी सांगितलंय न्हवं, येईल म्हणून."

पण डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन पुन्हा बघितलं आणि या वेळी तसं म्हणाल्या नाहीत. आज रात्रभर बघा, नाहीतर उद्या सोलापूरला भरती करू, म्हणाल्या. मल्लेशनं ओळखीच्या गाडीवाल्याला सकाळी यायला सांगून ठेवलं. पाळण्यात डोकावलं की त्याला बाळाच्या टाळूवरची कातडी आत-बाहेर होताना दिसायची. तो तिथून हलत नव्हता आणि त्याला तिथं थांबवतही नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं शरणम्मा आत्या आली. हातपाय धुऊन तिनं बाळाला मांडीवर घेतलं, पोटावरनं बोट फिरवलं.

"नाळ पडली का?"

"कालच पडली," महानंदा म्हणाली. "कापसात गुंडाळून ठेवलीय."

"आण इकडं."

४

सकाळी गाडीवाला दारात येऊन हॉर्न वाजवत होता आणि आतून शिवप्रिया हाका मारत होती.

"आई, अगं आई. पोलकं भिजलं. सगळं भिजलं."

मल्लेश खोलीबाहेर उभा राहून ऐकत होता. बाळ गटागट गिळत असल्याचा आवाज येत होता. गिळायचं, दम घ्यायचा, गिळायचं. महानंदा हुंदके देत हसत होती. त्यानं गाडीवाल्याच्या हातावर नोट ठेवली, म्हणाला, जा बाबा, चहा पी, आता गरज नाही; आणि काही सुचेना म्हणून दोन-दोन पायऱ्या ओलांडत गच्चीवर गेला.

तुरा रातोरात तरारला होता. त्याच्या कडेला जास्वंदीच्या रंगाची झालर फुटली होती. मल्लेशनं तसा रंग कुठल्याच फोटोत बघितला नव्हता. तो नाचायचाच बाकी होता. मग त्याची नजर खाली, खुंटावर गेली. कलमाच्या जोडाखाली लाल फडक्याची एक पुरचुंडी दोऱ्यानं घट्ट बांधली होती. सुपारीएवढी.

"आत्या, हे काय केलंत?" त्यानं खाली येऊन विचारलं.

शरणम्मा ओसरीत पानाला चुना लावत होती. "जे करायचं ते केलं."

"ती रीत जनावराची हाय."

"दूध उतरायची हाय. बाई काय, गाय काय."

"अहो, पण विषारी झाड हाय ते. माझ्या कलमाला गळफास बसेल असा दोरा कुणी आवळतं का?"

"ऐका," महानंदा मधे पडली, "कालपर्यंत लेकीसाठी देव पाण्यात घालून बसला होतात. आज कलमाचा गळा दिसायला लागला व्हय? सकाळपासून लेकरू तीनदा प्यालंय."

 योगायोग, मल्लेशनं स्वतःला समजावलं. अळीव-मेथी आता लागू पडली. दोरा सोडायला तो पुन्हा वर गेलाही; पण गाठीला हात घालताना त्याच्या मनात आलं, राहू दे. काय बिघडतं? आणि हे मनात आलं त्याचा त्याला थोडा रागही आला.

५

पुढचे दिवस कसे गेले कळलं नाही. घरात सगळ्यांच्या अंगात वारं भरलं होतं. बाळाच्या मनगटाला वळ्या पडल्या, गाल आले, टाळू भरली. बारशाला नाव ठेवलं ईश्वरी. डॉक्टरीणबाईंनी वजनकाटा दोनदा तपासला आणि काय खाऊ घालता हो, असं शिवप्रियालाच विचारलं. वर तुरा कुंडीच्या दुप्पट रुंद झाला, त्याच्या घड्यांवर घड्या पडल्या. मल्लेश एकदा खाली यायचा, एकदा वर जायचा. दोन्हीकडं रोज नवीन काहीतरी बघायला असायचं. मोबाइलमध्ये फोटो तेवढेच नातीचे, तेवढेच तुऱ्याचे.

"आजोबा कुणाचे हो तुम्ही?" महानंदा चिडवायची. "हिचे का त्या तुऱ्याचे?"

आवाज रोज यायचा. पहाटे आणि दिवेलागणीला. मल्लेशला त्याची सवय झाली होती. आणि म्हणूनच एका संध्याकाळी ते त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. तो खाली बसला होता. बाळ गाढ झोपेत. शिवप्रिया कपड्यांच्या घड्या घालत होती. वर चुर्र सुरू झालं, आणि त्याच क्षणी शिवप्रियानं हातातली घडी टाकून छातीशी पदर दाबला.

"आलं बघा," ती म्हणाली. "ही उठायच्या आधीच येतंय रोज."

"रोज याच वेळी?"

"व्हय. घड्याळ लावल्यासारखं. अप्पा, पंखा वाढवा जरा."

त्यानं पंखा वाढवला. दुसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही. तो पडताळा घ्यायच्या स्वभावाचा माणूस. शंका आली की काच लावून बघायची. दुपारी त्यानं मेणबत्ती वितळवून खुंटाच्या खालच्या अंगाला, जिथून पाझरायचं तिथं, मेणाचा थर दिला. दिवेलागण झाली. वर आवाज नाही. कुंडीखालची फरशी कोरडी. त्याला हायसं वाटतंय तोच खालून शिवप्रिया कण्हू लागली. छातीत दगड बसल्यासारखं होतंय, म्हणाली. महानंदा गरम पाण्याचा शेक घेऊन धावली. बाळ तोंड लावून सोडत होतं, लावून सोडत होतं.

गाठी होतात बाळंतिणीला. होतातच. डॉक्टरही तेच सांगतील. असं म्हणत म्हणतच मल्लेश वर गेला आणि नखानं मेण खरवडून काढलं. मोजे घालायचं त्याला सुचलं नाही.

आवाज सुरू झाला. खाली शिवप्रियाचं कण्हणं थांबलं.

तो तिथंच गुडघ्यांवर बसून राहिला.  भीती होती, नाही असं नाही. पण तिच्या बरोबरीनं दुसरंही काहीतरी होतं. कलम धरलेलं दिसलं त्या सकाळी वाटलं होतं तसंच, त्याहून मोठं.

६

रविवारची दुपार होती. ऊन रणरणत होतं, वीज गेली होती, महानंदा आणि आत्या ओसरीत आडव्या झाल्या होत्या. मल्लेश दुकानातून जेवायला आला तर खोलीत पाळणा रिकामा. शिवप्रियाही नाही.

"वर गेली असेल," महानंदा डोळे न उघडता म्हणाली. "जाळीखाली गार वाटतं म्हणते. रोज जाती."

"रोज? लेकराला घेऊन?"

त्यानं चपला काढल्या नाहीत. जिन्याच्या शेवटच्या वळणावर त्याला आवाज ऐकू आला. धारेचा नव्हे. लेकरू पितानाचा, गिळायचं, दम घ्यायचा, गिळायचं.

शिवप्रिया कुंड्यांच्या ओळीत भिंतीला टेकून बसली होती. तोंड पलीकडं वळवलेलं. आपण असं वर यायला नको होतं, बाळाला पाजतेय, असं वाटून मल्लेश मागं वळलासुद्धा. पण तिची मान एका बाजूला कलंडली होती. ती झोपली होती. पोलक्याची बटणं लावलेली होती. हात मांडीत सैल पडले होते, आणि मांडी रिकामी होती.

आवाज चालूच होता. कुंडीच्या पलीकडून.

तुरा आता इतका पसरला होता की त्याची खालची घडी फरशीला टेकायला आली होती. त्या घडीखालून, दुपट्यातून सुटलेली दोन गोरी पावलं दिसत होती. अंगठे सुखानं उघडत-मिटत होते.

मल्लेशनं बाळाला ओढून घेतलं. ओढताना थोडा जोर लागला. बाळाच्या हनुवटीवर पांढरं होतं. झाडांवर मारायच्या फवाऱ्यातलं पाणी त्यानं तिच्या तोंडावर मारलं, बोट घालून जीभ, टाळा, हिरड्या पुसल्या. ती त्याचं बोट चोखत त्याच्याकडं बघत राहिली. तिला घेऊन तो तसाच चपला फटकारत डॉक्टरीणबाईंकडं धावला. त्यांनी टॉर्च मारून तोंड बघितलं, डोळे बघितले, पोट दाबलं.

"काहीच नाही हो. गुलाबी आहे तोंड. त्या झाडाचा चीक असता तर एवढ्यात सूज आली असती, किंचाळली असती ती. आईचं दूधच ओघळलं असणार. उन्हानं तुम्हालाच काहीतरी झालंय, पाणी प्या."

त्याला इतकं हलकं वाटलं की तो तिथंच खुर्चीत बसला. पाणी प्यायला ग्लास घेतला, आणि तर्जनीला चटका बसला. बाळानं चोखलेलं पेर लाल झालं होतं. संध्याकाळपर्यंत त्यावर टपोरे फोड आले. तो चटका त्याच्या ओळखीचा होता. पण खुंटाला तर आज त्यानं हात लावला नव्हता.

७

त्या संध्याकाळी त्यानं नेमानं मोजे चढवले, गॉगल लावला, बादली भरली आणि छोटी करवत काढली.

शरणम्मा आत्या जिन्याच्या दारात येऊन उभी राहिली. "विचार केलास?"

"केला."

"मग लेकरू काय पिणार?"

"आईचं पिईल. पावडर पिईल. जगातली लेकरं काय पितात?"

 त्यानं खुंटावर करवत टेकवली. पहिल्या फेऱ्यालाच चीक उसळून आला, मोज्यावरून मनगटापर्यंत; कोमट होता. उन्हात असतो कोमट, त्यानं स्वतःला सांगितलं. ऊन कलून बराच वेळ झाला होता. खुंट अर्धा कापला गेला असेल-नसेल, तोच खाली ईश्वरी किंचाळली. तसं ती कधी किंचाळली नव्हती. मल्लेशनं दात आवळून आणखी एक फेरा मारला, आणि महानंदाची हाक आली, आणि त्याच्या हातून करवत खाली पडली.

शिवप्रियाचं दूध आटलं ते तेव्हाच. रात्र गेली, सकाळ गेली. पावडर, गाईचं, साखरेचं पाणी, काहीही दिलं तरी बाळ ओठ घट्ट मिटायचं. रडत नव्हतं. नजर मात्र छताकडं लावलेली. पाळणा ज्या बाजूला वळवाल तिकडून मान वळवून ती छताच्या त्याच कोपऱ्याकडं बघायची. दुपारपर्यंत टाळू पुन्हा आत गेली.

"पुन्हा तसंच व्हायलंय," महानंदा म्हणाली. "तुम्ही काय केलंत वर? काहीतरी केलंत न्हवं?"

"सोलापूरला नेऊ. आत्ता."

"अप्पा," शिवप्रिया पाळण्याची दोरी न सोडता म्हणाली. आवाज थकलेला, पण स्वच्छ होता. "सोलापूरला सलाइन लावतील. पाजणार कोण? तुम्हाला जमतंय तर जोडा की ते. तुम्हालाच जमतं."

तिला काय ठाऊक होतं, किती ठाऊक होतं, हे त्यानं विचारलं नाही. तो वर गेला. कापलेल्या जागी खुंट आ वासून उभा होता, तुरा एका अंगाला झुकलेला. मल्लेशनं जखम पाण्यानं धुतली, कडा ताज्या कापल्या, कड कडेशी आणि गाभा गाभ्याशी बेतानं जुळवला, रबराची पट्टी ताणून बांधली, बाजूंनी कामट्यांचा आधार दिला. आयुष्यात त्यानं एवढं नेटकं काम केलं नव्हतं. लाल पुरचुंडीचा दोरा करवतीनं तुटला होता. नवा दोरा घेऊन त्यानं ती स्वतःच्या हातानं बांधली.

कलमाला धरायला निदान आठवडा लागतो. दिवेलागणीला आवाज सुरू झाला. चुर्र. उसंत. चुर्र. त्यानं खाली कान दिला, आणि त्या खोलीतून घोटांचा आवाज आला तेव्हा मल्लेश गच्चीवर एकटाच, तोंडावर हात दाबून, लहान पोरासारखा हसत सुटला.

८

बाळंतपण उरकून लेकीला न्यायला जावई आला. रुद्रेश सोलापुरात नोकरीला होता; मधे दोनदा येऊन गेला होता, पण एवढंसं लेकरू हातात घ्यायला घाबरायचा. लांबूनच टिचक्या वाजवायचा. आता ईश्वरी मान धरत होती, हुंकारत होती, गल्लीतल्या बायका दृष्ट काढून थकल्या होत्या.

गाडीत बॅगा चढल्या, पाळणा चढला, अळिवाचे लाडू चढले. शेवटी मल्लेश आणि धुळाप्पा कुंडी धरून जिन्यातून उतरले.

"हे कशाला, मामा?" रुद्रेश म्हणाला. "प्रदर्शनात मांडणार होतात न्हवं?"

"सोलापूरलाच तर चाललंय," धुळाप्पा म्हणाला. "तिकीट तेवढं अर्धं फाडा, उभं राहून जाईल."

"हिचा हट्ट हाय," मल्लेश म्हणाला. शिवप्रिया मागच्या सीटवर आधीच सरकून बसली होती, कुंडीला जागा करून. त्यानं कुंडी तिच्या शेजारी ठेवली, सीटचा पट्टा ओढून कुंडीभोवती आवळला, तुऱ्याला धक्का लागू नये म्हणून मधे उशी खोचली. मग जावयाला सगळं नीट सांगितलं. ऊन सकाळचं द्यायचं, दुपारचं नाही. पाणी माती वाळल्यावरच, आणि मुळाशी. कुंडी फिरवायची नाही. कापाकापी अजिबात करायची नाही.

"आणि मामा, हे विषारी असतंय न्हवं? आमच्या अपार्टमेंटमधी एकाच्या डोळ्यात उडालं होतं. लेकरू हाय घरात."

मल्लेशनं एकदा गाडीच्या काचेतून आत बघितलं. तुऱ्याच्या सावलीत ईश्वरी आईच्या मांडीवर पडली होती. गाल चमकत होते.

"घरच्या माणसाला काही करत न्हाय," तो म्हणाला.

रुद्रेशला धीर आला. दार उघडून वाकला आणि त्यानं पहिल्यांदाच लेकीला दोन्ही हातांत उचललं. तिनं त्याच्याकडं निरखून बघितलं, ओल्या तोंडानं त्याच्या ओठांवर आपटली आणि खिदळली. सगळेच हसले. "ओळखलं बघ बापाला," महानंदा म्हणाली, आणि डोळे पुसायला आत गेली.

गाडी निघाली. मल्लेश फाटकापाशी उभा होता. गल्लीच्या टोकाला, हायवेला लागायच्या आधी, गाडीचे मागचे लाल दिवे लागले आणि गाडी थांबली. चालकाच्या बाजूचं दार उघडलं. रुद्रेश खाली उतरला, बाटली उघडली, आणि वाकून ओंजळीनं ओठांवर पाणी मारू लागला. पुन्हा मारलं. पुन्हा. मागच्या काचेतून शिवप्रिया बघत होती, हलत नव्हती.

"थांबले का ते?" आतून महानंदानं विचारलं. "काही राहिलं का?"

"काही न्हाय," मल्लेश म्हणाला. "पाणी प्यायलेत."